कुक्कुटपालन, परसातील : वऱ्हाडातील इतिहास

घराच्या परसात, अंगणात किंवा वाडीत पाच-दहा कोंबड्या मोकळ्या सोडून, घरातील उष्ट्या-खरकट्यावर व खळ्यात सांडलेल्या धान्यावर त्या वाढविण्याच्या पद्धतीस परसातील कुक्कुटपालन म्हणतात. या पद्धतीत भांडवल अल्प लागते, श्रम बहुधा घरातील स्त्रियांचे व मुलांचे असतात आणि उत्पादन मुख्यतः घरच्या उपयोगासाठी व आठवडी बाजारात किरकोळ विक्रीसाठी होते. यंत्राने उबविलेली पिले, विकतचे खाद्य आणि बंदिस्त घरे यांवर आधारलेल्या व्यापारी कुक्कुटपालनाहून ती सर्वस्वी भिन्न आहे. प्रस्तुत नोंदीत तिचा इतिहास वऱ्हाडच्या, विशेषतः कारंजा लाड (जि. वाशिम) व त्याच्या आसपासच्या कापूस-ज्वारीच्या मुलखाच्या संदर्भात दिला आहे. कारंजा हे जैन विद्येचे व व्यापाराचे जुने केंद्र असून दत्तसंप्रदायातील नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. अशा अहिंसाप्रधान नगराच्या शिवारातही कोंबडी शेकडो वर्षे नांदत आली. त्यामुळे कोंबडी पाळणे, ती खाणे व तिचा बळी देणे या तीन गोष्टींचा परस्परसंबंध येथे जितक्या स्पष्टपणे दिसतो, तितका तो अन्यत्र क्वचितच दिसतो.

मूळ व प्रसार : पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा होय. सिंधू संस्कृतीच्या स्थळांवर सापडलेल्या हाडांवरून कोंबडी प्रथम भारतात माणसाळली, असे मत विसाव्या शतकात रूढ होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने मात्र नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड व म्यानमार या भागातील रानकोंबड्याच्या उपजातीकडे निर्देश केला. २०२२ मध्ये जुन्या हाडांच्या कालनिर्णयाची फेरतपासणी झाली. तीनुसार निःसंशय पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडे मध्य थायलंडमधील बान नॉन वाट येथील असून त्यांचा काळ सु. इ. स. पू. १६५०–१२५० असा ठरतो. भात व भरडधान्ये यांच्या कोरडवाहू लागवडीमुळे रानकोंबडे वस्तीजवळ आले आणि सांडलेल्या दाण्यांच्या आधाराने माणसाळले, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. म्हणजे माणसाने कोंबडी धरून आणली, त्यापेक्षा ती धान्यामागून आपण होऊन आली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. परसातील कोंबडीचे खळ्याशी असलेले नाते असे मुळापासूनचे आहे.

या विकासात दख्खनचाही वाटा आहे. पुष्कळशा पाळीव कोंबड्यांच्या कातडीचा व पायांचा पिवळा रंग तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून तो भारतीय द्वीपकल्पातील करड्या रानकोंबड्याकडून संकराने आला, असे २००८ मध्ये दाखविण्यात आले. करडा रानकोंबडा सह्याद्रीत व सातपुड्याच्या काही भागांत आढळतो, तर तांबड्याचा प्रदेश गोदावरीच्या पूर्वोत्तर अरण्यांपासून सुरू होतो. या दोन्ही जातींच्या सीमा मध्य भारतात एकमेकींस भिडतात.

प्राचीन वाङ्मय व धर्मविचार : संस्कृतात कोंबड्यास कुक्कुट, कृकवाकु, ताम्रचूड, चरणायुध अशी नावे आहेत. त्यांपैकी काही त्याच्या आरवण्यावरून, काही तुऱ्यावरून, तर काही झुंजण्याच्या सवयीवरून पडली आहेत. पतंजलीच्या महाभाष्यात (इ. स. पू. दुसरे शतक) गावकोंबडा अभक्ष्य म्हटल्याने रानकोंबडा भक्ष्य ठरतो, असे उदाहरण युक्तिवादासाठी घेतलेले आहे. मनुस्मृतीतही द्विजांसाठी गावकोंबडा वर्ज्य सांगितला आहे. गावातील घाणीवर चरणारा पक्षी अशुद्ध, ही त्यामागील भावना असावी. या निषेधावरून गावोगाव कोंबड्या होत्या आणि त्या पाळणारे व खाणारे लोक शास्त्रकारांच्या वर्गाबाहेरचे होते, हेही उघड होते. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात (सु. इ. स. पू. २४३) अवध्य प्राण्यांची यादी देऊन कोंबड्यांचे खच्चीकरण करू नये, अशी आज्ञा केली आहे. मांस वाढावे म्हणून कोंबडे खच्ची करण्याची रीत त्या काळी प्रचारात होती, याचा हा पुरावा होय. दंडीच्या दशकुमारचरितात कोंबड्यांच्या झुंजीचे वर्णन आढळते.

कोंबड्याविषयीचा सर्वांत सूक्ष्म नैतिक विचार जैन कथावाङ्मयात यशोधराच्या आख्यानाच्या रूपाने आला आहे. उज्जयिनीच्या यशोधर राजास अशुभ स्वप्न पडते. त्याच्या शांतीसाठी त्याची आई पशुबळीचा आग्रह धरते. राजा नकार देतो आणि अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देण्यात येतो. प्रत्यक्ष जीव गेला नाही, पण मारण्याचा संकल्प झाला. या पापाने माय-लेक अनेक पशुयोनींतून फिरतात, एका जन्मी स्वतःच कोंबडा व कोंबडी होऊन राजाच्या बाणाने मरतात आणि पुढे मानवजन्म पावून आपली कथा सांगून दुसऱ्या एका राजाला बळीपासून परावृत्त करतात. राष्ट्रकूटांच्या मान्यखेट या राजधानीत दहाव्या शतकात पुष्पदंत या कवीने ही कथा जसहरचरिउ या अपभ्रंश काव्यात गुंफली. या काव्याचा कारंज्याशी साक्षात संबंध आहे. येथील जैन मंदिरांच्या ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांकडे हीरालाल जैन यांच्या परिश्रमांमुळे विद्वानांचे लक्ष वेधले गेले आणि परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादिलेली जसहरचरिउची आवृत्ती १९३१ मध्ये कारंजा येथील जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. पिठाच्या कोंबड्याची कथा ज्या गावाने जपली, त्याच गावाच्या आसपास खरे कोंबडे मरीआई, म्हसोबा इ. ग्रामदेवतांना वाहिले जात होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गाडगेमहाराजांनी (१८७६–१९५६) वऱ्हाडातील खेड्यांत कीर्तनांतून पशुबळीविरुद्ध जो प्रचार केला, तो या प्रदेशातील जुन्या वादाचाच पुढचा टप्पा होता. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये लिहिलेल्या आरोग्यविषयक पुस्तकात, फलित न झालेल्या अंड्यातून पिलू निघत नसल्याने, दूध घेणाऱ्यास असे अंडे घेण्यास हरकत असू नये, असे मत मांडले. या वादाचे पडसाद अद्याप उमटतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्यासाठीचा शासकीय निधी बंद करण्यात आला.

जुनी पद्धत : वऱ्हाडातील गावठी कोंबडी आकाराने लहान, चपळ व काटक असते. ती वर्षाकाठी साधारणपणे ४० ते ६० अंडी देते. ही अंडी सलग न येता दहा-पंधरांच्या खेपांनी येतात. एक खेप संपली की कोंबडी खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून ती उबवावयास बसते. टोपल्यात भुसा किंवा गवत घालून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात. २१ दिवसांनी पिले बाहेर पडतात व आईमागून चरू लागतात. घार, मुंगूस, रानमांजर यांच्या तडाख्यातून व पावसाळी गारठ्यातून निम्मी-शिम्मी पिले वाचली, तरी खेप चांगली समजत. दिवसभर ज्वारीचे दाणे, किडे, वाळवी, शेणातील अळ्या व भाकरीचे तुकडे हे त्यांचे खाद्य. संध्याकाळी त्यांना खुराड्यात घालीत किंवा डालग्याखाली डालीत. कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही, ही म्हण या नित्याच्या कामातूनच आली आहे.

उत्पन्नाच्या दृष्टीने ही कोंबडी कमी प्रतीची वाटते. तथापि तिच्यावर रोख खर्च जवळजवळ होत नसल्याने येणारे उत्पन्न निव्वळ असते. शिवाय खुडूक बसण्याच्या गुणामुळे कळप आपली भर आपणच करतो आणि पालकाला बाहेरून काहीही विकत घ्यावे लागत नाही. ज्या घरात स्वतःची जमीन नाही, गायीला चारा नाही, तेथेही कोंबडी राहू शकते. म्हणून भूमिहीन मजूर, बंजाऱ्यांचे तांडे, मुस्लिम व दलित वस्त्या आणि लहान कुणबी शेतकरी यांच्याकडे ती प्रामुख्याने आढळते. कापसाचा पैसा पुरुषाच्या हाती व वर्षातून एकदा येई. अंड्यांचा पैसा बाईच्या हाती व आठवड्याला येई. मीठ-मिरची, मुलांची पाटी-पुस्तके, आजाऱ्याचे औषध हे त्यातून भागे. बँक नसलेल्या खेड्यात कोंबडी ही अडीअडचणीला मोडता येणारी ठेव होती.

रोग व लस : या ठेवीला सर्वांत मोठा धोका साथीचा असे. १९२६ च्या सुमारास जावा बेटात व इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे कोंबड्यांचा एक नवा संहारक रोग दिसून आला. १९२७-२८ मध्ये तो कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळला. त्यावरून भारतात त्यास राणीखेत हे नाव पडले. महाराष्ट्रात त्यास मानमोडी म्हणतात, कारण विषाणू मज्जासंस्थेवर आघात करतो आणि पक्ष्याची मान पिळवटली जाते. श्वासास त्रास, हिरवट पातळ हगवण व लुळेपणा ही अन्य लक्षणे होत. लस न टोचलेल्या वस्तीत साथ शिरल्यास काही दिवसांत सर्व खुराडी रिकामी होतात. मुक्तेश्वर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत १९४० नंतरच्या दशकात कोंबडीच्या अंड्यांतून विषाणूचे वारंवार संक्रमण करून त्याची तीव्रता कमी करण्यात आली व त्यापासून लस तयार झाली. ही लस परिणामकारक असूनही परसातील कोंबड्यांपर्यंत ती पुरेशी पोहोचली नाही. ती थंड ठेवावी लागते. तिची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि विरघळविल्यानंतर थोड्या तासांतच ती संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या धनिणीला एकटीने ती परवडत नाही. लसीच्या शास्त्रापेक्षा तिच्या वाटपाची व्यवस्था हीच खरी अडचण ठरली.

नियोजित विकास व व्यापारी धंदा : दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९५६–६१) केंद्र शासनाने मुंबईसह पाच ठिकाणी प्रादेशिक कुक्कुट केंद्रे सुरू केली. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड इ. विदेशी जातींचे नर वाटून गावठी कोंबड्यांची सुधारणा करावी, असे आरंभीचे धोरण होते. १९५६ मध्ये वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. राज्याने पुणे, औरंगाबाद, कोल्हापूर व नागपूर येथे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे चालविली.

पुढे या क्षेत्राला वेगळे वळण लागले. अमेरिकेत १९२३ मध्ये डेलावेअर राज्यातील सेसिल स्टील या गृहिणीने ५० पिले मागविली असता चुकून ५०० आली. ती तिने मांसासाठी वाढवून विकली व त्यातून ब्रॉयलर धंद्याचा आरंभ झाला, असे मानतात. हा धंदाही मुळात परसातील बाईचाच होता. पुढे तेथे कॉर्निश जातीच्या संकरातून झपाट्याने वाढणारी मांसल कोंबडी निपजली. कॉर्निश ही जात इंग्लंडमध्ये भारतातून नेलेल्या असील या झुंजीच्या कोंबड्यापासून तयार झालेली होती. अशा रीतीने भारतीय रक्ताचा अंश असलेली संकरित पिले १९६० नंतर परदेशी कंपन्यांच्या नावाने पुन्हा पुण्यात आली. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज ही कंपनी स्थापन केली आणि १९८२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती अस्तित्वात आली. उत्पादकांनी अंड्याचा दर स्वतः जाहीर करण्याची पद्धत तिने रूढ केली. वर्षाला ३०० हून अधिक अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यांत वाढू लागल्या. शहरांना स्वस्त अंडी मिळाली, ही या बदलाची मोठी कमाई होय. मात्र या कोंबड्या खुडूक बसत नाहीत व उकिरड्यावर जगत नाहीत. त्यामुळे हा धंदा ज्यांच्याजवळ भांडवल होते त्यांच्याकडे गेला आणि आठवडी बाजारातील बाई त्यातून बाजूला पडली.

सोयाबीन व कोंबडी : १९८० नंतर वाशिम, अकोला, यवतमाळ या भागांत सोयाबीनचा प्रसार झाला व ज्वारीचे क्षेत्र घटत गेले. कारंजा हे सोयाबीनचे प्रमुख बाजारस्थान बनले. याचा परसातील कोंबडीवर दुहेरी परिणाम झाला. खळ्यात सांडणारी ज्वारी कमी झाली. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारी द्रव्ये असल्याने ते भाजल्याशिवाय कोंबड्यांना देता येत नाही. उलट तेल काढल्यावर उरणारी व उष्णतेची प्रक्रिया झालेली पेंड हा व्यापारी कुक्कुट-खाद्यातील प्रथिनांचा मुख्य आधार आहे. त्यामुळे सोयाबीन उत्पादक व कुक्कुट-उत्पादक यांचे हितसंबंध परस्परविरोधी बनले. २०२१ च्या उन्हाळ्यात सोयाबीनचे भाव चढले, तेव्हा कुक्कुट-उत्पादकांच्या मागणीवरून केंद्र शासनाने ऑगस्टमध्ये जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस परवानगी दिली. विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी या निर्णयास विरोध केला. एकाच शेतात पिकणारा दाणा व त्यावर जगणारा पक्षी पूर्वी एका घरात होते. आता ते बाजाराच्या दोन टोकांना उभे आहेत.

पुनरुज्जीवन : अतिशय कमी खर्चात जगणारी, तरीही गावठीपेक्षा जास्त अंडी देणारी कोंबडी निर्माण करण्याचे प्रयत्न १९८० नंतर सुरू झाले. बंगलोर येथे गिरिराज आणि हैदराबाद येथील कुक्कुट प्रकल्प संचालनालयात वनराज व ग्रामप्रिया ही वाणे तयार झाली. परसात वनराज वर्षाला सु. १०० ते ११०, तर ग्रामप्रिया सु. १६० ते १८० अंडी देते. त्यांचे रंगीत पंख शत्रूंपासून लपण्यास उपयोगी पडतात व बाजारात गावठी म्हणून चांगला भाव आणतात. तथापि त्यांच्यात खुडूक बसण्याची वृत्ती फारच कमी असल्याने पुढील पिढीसाठी पिले पुन्हा विकत घ्यावी लागतात. ही उणीव गावठी कोंबडीखाली त्यांची अंडी ठेवून काही अंशी भरून काढता येते.

कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे जुलै २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष योजना जाहीर केली. वाशिम हा त्यांपैकी एक जिल्हा होता. योजनेत पूरक व्यवसाय म्हणून दुभत्या गायी देण्यात आल्या. चारा-पाण्याअभावी त्या सांभाळणे अनेकांना जड गेले, अशी टीका तेव्हा झाली. या पार्श्वभूमीवर कोंबडीसारख्या लहान पूरक साधनाचे महत्त्व नव्याने लक्षात आले. राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने तलंगांचे म्हणजे तरुण माद्यांचे गट, २५ माद्या व ३ नर या प्रमाणात, ५० टक्के अनुदानावर देण्याची योजना राबविली. महिला बचत गटांमार्फतही अशी कामे झाली.

याच काळात नवे संकट आले. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची भारतातील पहिली लागण सिद्ध झाली. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील खेड्यांत परसातील कोंबड्यांतही ती आढळली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तिचा पुन्हा उद्रेक झाला. नियमानुसार बाधित क्षेत्रातील सर्व पक्षी नष्ट करावे लागतात. भरपाई मिळत असली, तरी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला कळप एकदा गेला की पैशाने परत येत नाही. असे असूनही २०१९ च्या पशुगणनेत देशातील एकूण सु. ८५.२ कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी ३१.७ कोटी परसातील होते. २०१२ च्या तुलनेने त्यांची संख्या सु. ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यापारी पक्ष्यांची वाढ ४.५ टक्केच होती.

नवशिक्या पालकासाठी : या इतिहासातून काही व्यावहारिक नियम निघतात. आरंभ आठ-दहा आठवड्यांच्या पाच ते दहा तलंगांनी करावा. एक दिवसाची पिले घेतल्यास पहिल्या आठवड्यात सु. ३५° से. ऊब द्यावी लागते व पुढे ती दर आठवड्यास सु. ३° से. ने कमी करावी लागते. दर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. नुसती खाण्याची अंडी हवी असल्यास नर नसला तरी चालते. खुराडे जमिनीपासून उंच, कोरडे व हवेशीर असावे आणि मुंगूस शिरणार नाही अशी जाळी त्यास लावावी. वैशाखात वऱ्हाडचे तापमान ४५° से. पर्यंत जाते. त्या दिवसांत दाट सावली व मातीच्या भांड्यात वारंवार बदललेले गार पाणी हेच मुख्य औषध होय. चरण्याखेरीज संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मक्याची भरड, तुरीची चुणी आणि कवच बळकट होण्यासाठी शिंपल्यांचा चुरा द्यावा. उबवणीची अंडी एक आठवड्याहून जुनी नसावीत. सातव्या दिवशी ती दिव्यासमोर धरून पाहावीत व ज्यांत शिरांचे जाळे दिसत नाही, ती काढून टाकावीत. मानमोडीची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून व दुसरी सु. आठव्या आठवड्यात टोचून द्यावी. देवी रोगाची लसही याच सुमारास टोचावी. आसपासच्या दहा-वीस घरांनी एकाच दिवशी लसीकरण केल्यास कुपी वाया जात नाही व सर्व वस्ती सुरक्षित होते. विकत आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवावा. एकाएकी अनेक पक्षी मेल्यास त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

मूल्यमापन : परसातील कोंबडी हे मागासलेल्या शेतीचे लक्षण आहे आणि विकासाबरोबर ते नाहीसे होईल, अशी नियोजनकारांची अपेक्षा होती. ती खरी ठरली नाही. ज्या घरात रोख पैसा नियमित येत नाही, तेथे तिचे स्थान अन्य कशानेही भरून निघालेले नाही. तिचे बळ अंड्यांच्या संख्येत नसून विकतच्या पिलांवाचून, खाद्यावाचून व कर्जावाचून टिकण्याच्या गुणात आहे. म्हणून सुधारित वाणांचा प्रसार करताना गावठी कोंबडीतील खुडूक बसण्याची वृत्ती, काटकपणा व उष्णता सोसण्याची शक्ती जतन करणे अगत्याचे आहे. हे गुण एकदा लोप पावले, तर परसातील पालकही बाजारावर तितकाच अवलंबून राहील, जितका आज कापूस व सोयाबीन पिकविणारा शेतकरी आहे.